बोटी मोजणाऱ्यांचा किनारा

अण्णांना नॉर्वेत येऊन तीन आठवडे झाले आणि स्टाव्हांगरमधला एकही बाक त्यांचा बसायचा राहिला नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त तारमास्तर. वाई आणि महाबळेश्वर धरून चौतीस वर्षं तारऑफिसात गेली. २०१३ च्या जुलैत सरकारने तार बंद केली त्या रात्री ते जेवले नव्हते, असं आई सांगते.

ऑस्लोला त्यांना कॉन-टिकीचा तराफा दाखवायला नेलं होतं. १९४७ साली सहा माणसं त्या ओंडक्यांवरून पेरूहून निघाली आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियाला लागली. बाकीचे प्रवासी तराफा बघत होते, अण्णा त्यावरचा वायरलेस. सहांपैकी दोघं रेडिओवाले. त्यातला एक टॉर्स्टाइन रोबी. महायुद्धात हा गडी उत्तर नॉर्वेत आल्टा नावाच्या गावी, जर्मनांच्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेच्या नाकासमोर बसून लंडनला गुप्त संदेश पाठवत होता. दहा महिने! एवढं कळल्यावर अण्णा गप्प झाले. परतीच्या गाडीत हळूच विचारलं, "हे आल्टा लांब आहे का गं?"

लांब म्हणजे देशाचं दुसरं टोक. आर्क्टिक वृत्ताच्याही बरंच वर. नवऱ्याला सुट्टी नव्हती. मग ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघंच निघालो. बॅगेत भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, आणि अण्णांच्या खिशात एक लाल वही.

दिवस पहिला : ट्रॉम्सो

हॉटेलात सामान टाकलं आणि लगेच होकोया गाठलं. शहराच्या पश्चिमेला हे लहानसं बेट आहे, पुलाने जोडलेलं. गवत, चारदोन घरं, काठाला शांत पाणी. किनाऱ्याजवळ गोल गोल तळी दिसतात. अण्णांना वाटलं कुणी मासे पाळायला खणलीत. ते बॉम्बचे खड्डे आहेत. एकेक बॉम्ब पाच टनांहून जड होता, ऐंशी वर्षांत खड्डे पाण्याने भरून गेले.

इथे ती मेली. तिर्पित्झ. रोबी जिच्या नाकासमोर बसला होता ती जर्मन युद्धनौका, २५१ मीटर लांब, बिस्मार्क या तशाच युद्धनौकेची धाकटी बहीण, ३८ सेंटिमीटर तोंडाच्या आठ तोफा. गंमत अशी की या बाईने समोरासमोर लढाई म्हणावी अशी केलीच नाही. १९४२ च्या जानेवारीत नॉर्वेत आली आणि फ्योर्डात, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, दडून बसली. नॉर्वेजियन लोक तिला उत्तरेची एकाकी राणी म्हणायचे. पण नुसतं बसून तिने काय केलं ते बघा. रशियाला मदत घेऊन ब्रिटिश-अमेरिकन ताफे याच समुद्रातून मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्कला जात. १९४२ च्या जुलैत पीक्यू १७ नावाचा ३५ मालवाहू जहाजांचा ताफा निघाला होता. लंडनला वाटलं, तिर्पित्झ बाहेर पडली. खात्री कुणालाच नव्हती. ताफ्याला हुकूम गेला, पांगा. पांगलेल्या जहाजांना पाणबुड्यांनी आणि विमानांनी एकेक करून टिपलं, २४ बुडाली. तिर्पित्झ त्या वेळी नांगरच टाकून होती.

"म्हणजे तिथे काठावर बसून 'आहे, जागेवरच आहे' एवढं कळवणारा एक माणूस पाहिजे होता," अण्णा म्हणाले.

खरंय. हेरगिरी म्हटली की आपल्याला बहिर्जी नाईकांची वेषांतरं आठवतात. इथला सगळा धंदा एका प्रश्नाभोवती फिरत होता : बोट आहे की गेली?

१९४४ च्या सप्टेंबरात आल्टाजवळ तिच्या नाकाडावर एक बॉम्ब बसला. समुद्रात जाण्याच्या लायकीची राहिली नाही म्हणून जर्मनांनी तिला इथे आणून तोफखान्यासारखी उभी केली. पण आणताना ती स्कॉटलंडहून येणाऱ्या विमानांच्या टप्प्यात आली. १२ नोव्हेंबर १९४४, रविवार, सकाळची वेळ, उत्तर स्कॉटलंडमधून निघालेली ३२ ब्रिटिश लँकास्टर विमानं. काही मिनिटांत राणी उताणी. हजाराच्या आसपास माणसं गेली. पालथ्या तळाला भोकं पाडून ऐंशीएक जणांना जिवंत काढलं. पुढे १९५७ पर्यंत तिचं भंगार कापण्याचं काम चाललं. तिच्या चिलखताचे काही पत्रे नॉर्वेच्या रस्तेखात्याने कित्येक वर्षं खणलेले रस्ते झाकायला वापरले.

"काय नशीब," अण्णा म्हणाले. "हिटलरची बोट, आणि वरून एसटी गेली."

ट्रॉम्सोतही एक छुपा वायरलेसवाला होता, एगिल लिंडबर्ग. नोकरी हवामान खात्यात. हे ऐकल्यावर अण्णांनी मान हलवली ती अशी, जणू एगिल त्यांच्या बॅचचा. महाबळेश्वरच्या वेधशाळेच्या तारा रोज अण्णांच्या हातून जायच्या, पाचपाच आकड्यांचे गट करून. "बघणाऱ्याला वाटावं काहीतरी भयंकर गुप्त आहे. आणि आत काय, तर पाऊस पडला, वारा नैर्ऋत्येचा." युद्धात मात्र हेच आकडे भयंकर गुप्त होते. समुद्रातल्या जहाजांनी हवामान कळवणं बंद केलं, त्यामुळे उत्तरेला वारा कसा आहे हे ज्याला कळेल तो दोन दिवस पुढचं बघू शकायचा. जर्मनांनी त्यासाठी नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या बर्फात गुपचूप माणसं ठेवली होती. त्यांतल्या शेवटच्या अकरा जणांनी शरणागती पत्करली ती ४ सप्टेंबर १९४५ ला, जर्मनी हरून चार महिने झाल्यावर. तीसुद्धा कुणा सेनापतीपुढे नव्हे, त्यांना आणायला गेलेल्या सील मारणाऱ्या बोटीच्या कप्तानापुढे.

संध्याकाळी विद्यापीठाच्या बाजूला चक्कर झाली. २०२२ च्या ऑक्टोबरात इथे ब्राझीलचा म्हणून वावरणारा एक संशोधक पकडला गेला. निघाला रशियन, मिखाईल मिकुशिन. काम करत होता ते अशाच छुप्या धोक्यांचा अभ्यास करणाऱ्या गटात. २०२४ च्या अदलाबदलीत तो रशियाला परत गेला. अण्णांचा प्रश्न एकच : "पोर्तुगीज बोलणारं खरंच कुणी भेटलं नाही का त्याला इथे?"

दिवस दुसरा : बसने आल्टा

दिवसभर बस, मध्ये दोन फेऱ्या. बस बोटीत चढते, आपण उतरून वर कॉफी पितो, पलीकडे परत बसमध्ये. लिंगेनचे डोंगर पाण्यातून थेट वर गेलेत, टोकाला ऑगस्टातही बर्फ. सुंदर आहेत, वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

लिहिण्यासारखी घटना एकच. फेरीवर बॅग खाली ठेवताना मेतकुटाची बरणी फुटली. अण्णांचे दोन स्वेटर आणि माझं थर्मल पुढचे चार दिवस मेतकुटाच्या वासाचे. आल्टाच्या हॉटेलातल्या मुलीने दार उघडताच नाक वर केलं, मग हसून विचारलं, हा कुठला मसाला? अण्णांनी तिला भाताबरोबर कसं खायचं ते मराठीतून समजावलं.

दिवस तिसरा : कोफ्योर्ड

या दिवसासाठी आलो होतो. भाड्याची गाडी घेतली, आल्टापासून अर्ध्या तासाच्या आत कोफ्योर्ड. मुख्य फ्योर्डाला फुटलेला एक अरुंद फाटा. दोन्ही बाजूंना डोंगर, आत आरशासारखं पाणी, काठावर पांढरं लाकडी चर्च. हे चर्च १८३७ चं, आणि गाव वसलं ते तांब्याच्या खाणीवर, जी १८२६ पासून इंग्रजांनी चालवली. त्यांच्याच नातवंडांनी शंभर वर्षांनी हे पाणी बॉम्बने ढवळलं. वर हाल्डे नावाच्या डोंगरावर १८९९ साली बांधलेली उत्तरप्रकाशाची वेधशाळा आहे, कायमची म्हणून बांधलेली जगातली पहिली. एवढ्याशा गावाला किती इतिहास सोसावा!

१९४३ च्या मार्चपासून तिर्पित्झ इथे. भोवती पोलादी जाळी, डोंगरांवर विमानविरोधी तोफा. काठावरून बघताना कळतं की जागा किती चपखल निवडली होती. विमानाला झेप घ्यायला जागा नाही, पाणबुडीला शिरायला वाट नाही.

तरी ब्रिटिश शिरले. २२ सप्टेंबर १९४३. स्कॉटलंडहून सहा चिमुकल्या पाणबुड्या मोठ्या पाणबुड्यांच्या दोरीला बांधून ओढत आणल्या होत्या. एकेकीत चार माणसं, दोन बाजूंना दोन-दोन टनांचे सुरुंग. काही वाटेतच गेल्या. एक्स-६ आणि एक्स-७ जाळ्यातून आत घुसल्या आणि तिर्पित्झच्या पोटाखाली सुरुंग सोडले. एक्स-६ चा कप्तान डोनाल्ड कॅमरून आणि त्याची माणसं पकडली गेली. त्यांना चढवलं कुठे, तर तिर्पित्झवरच! खाली स्वतः ठेवलेला सुरुंग, घड्याळ चालू, वर जर्मन अधिकारी प्रश्न विचारतायत, आणि हे उभे. आठ वाजून गेल्यावर स्फोट झाला. बोट बुडाली नाही, पण सहा महिने जागची हलली नाही. कॅमरून आणि एक्स-७ चा बेझिल प्लेस, दोघंही वाचले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

"थरार म्हणतात तो हा," मी म्हटलं.

"हा झाला एका सकाळचा," अण्णा म्हणाले. "नंतर ती किती मोडली, किती दुरुस्त झाली, हे रोज कोण बघणार? तो तुझा थरार नाही. ती ड्यूटी."

ती ड्यूटी रोबीची. रस्तेखात्याच्या कचेरीत रोखपालाच्या हाताखाली नोकरी. दिवसा मजुरांचे पगार, रात्री लंडन. बोटीची दुरुस्ती कुठवर आली, जाळी कुठे आहे, हवामान कसं आहे. अडचण एरियलची. उंच तार बांधली की जर्मनांच्या डोळ्यांवर येणार. सांगतात ते असं, की शेजारी एका जर्मन अधिकाऱ्याने स्वतःच्या रेडिओसाठी एरियल लावली होती. रोबीने आपला यंत्रसंच रात्री तिलाच जोडला.

अण्णा रस्त्यातच थांबले. मग इतके हसले की खोकला आला. "आकडा टाकला की गं! जर्मनाच्या तारेवर आकडा!"

सगळ्या प्रवासात अण्णा एवढे हसलेले मी पुन्हा पाहिले नाहीत.

दुपारी संग्रहालयाबाहेरच्या लाकडी टेबलावर थालीपीठ खाता खाता त्यांनी मला धडा दिला. चमच्याची दांडी टेबलावर : कट्ट, कडकट्ट, कट्ट. मोर्स सगळे एकच शिकतात, पण प्रत्येकाचा हात वेगळा. कुणाची रेघ लांबते, कुणी दोन टिंबांत अडखळतो. साताऱ्याच्या टोकाला कोण बसलंय हे अण्णा पहिल्या चार अक्षरांत ओळखायचे, आणि त्याचं बायकोशी भांडण झालंय हेही. युद्धात हेच दोन्ही बाजूंनी कामाला यायचं. लंडनमध्ये ऐकणाऱ्यांना आपल्या माणसाचा हात माहीत असे. यंत्र शत्रूच्या हाती पडलं आणि दुसराच कुणी बडवायला बसला, तर हात वेगळा लागतो. आणि जास्त वेळ बडवत बसलं तर मरण, कारण जर्मन दोन-तीन ठिकाणांहून लहरींची दिशा धरून नकाशावर रेघा ओढत, जिथे छेदतील तिथे छापा. म्हणून मजकूर तोकडा. "तारेसारखाच," अण्णा म्हणाले. "आम्ही शब्दाला पैसे मोजायचो, हे शब्दाला जीव."

निघताना झाडांकडे बघितलं. इथल्या पाइनवृक्षांची एक गोष्ट मला फार धरून बसली आहे. विमानं आली की जर्मन बोट झाकायला कृत्रिम धूर सोडत. क्लोरोसल्फ्युरिक आम्ल हवेतल्या ओलाव्याला लागलं की पांढरा दाट धूर होतो. तो झाडांवर बसला. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या खोडांतली वर्तुळं मोजली आणि २०१८ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मांडलं, की कित्येक झाडांत १९४५ सालचं वर्तुळच नाही. सुया गळून गेल्या, झाड वाढलंच नाही. एक झाड तर नऊ वर्षं वाढलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला कापलेला एक ओंडका होता. अण्णा खाली बसले, सालीपासून नखाने आत मोजत गेले. छत्तीस, सदतीस... चाळिशीच्या पुढे वर्तुळं इतकी बारीक झाली की चष्मा पुसूनही नजर ठरेना. मी मोबाइलने फोटो काढून मोठा केला, तरी जमलं नाही. तेवढ्यात पाऊस आला. पंचेचाळीस साल आम्हाला सापडलं नाही.

संध्याकाळच्या बसने हामरफेस्ट.

दिवस चौथा : जहाजावर

बेर्गेनहून किर्केनेसला जाणारी किनाऱ्याची बोट १८९३ पासून चालू आहे. ती हामरफेस्टला पहाटे येते. धक्क्यावर अंधुक उजेडात उभं असताना अण्णांना सांगितलं की हे गाव जर्मनांनी जाताना जाळलं, एक छोटं स्मशानातलं प्रार्थनाघर तेवढं उरलं. एकटं हामरफेस्ट नव्हे, सगळा फिनमार्क प्रांत. १९४४ च्या हिवाळ्यात मागे येणाऱ्या रशियनांना छप्पर मिळू नये म्हणून घरं, धक्के, होड्या, विजेचे खांब, सगळं पेटवलं आणि पन्नास हजारांच्या आसपास माणसं हुसकावली. म्हणूनच वाटेतल्या गावांत जुनं घर दिसत नाही. सगळं १९५० च्या आसपासचं, एका साच्याचं.

हामरफेस्टची हलकीफुलकी गोष्टही आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये इथल्या कोळ्यांच्या बोटीला एक पांढरा बेलुगा देवमासा येऊन खेटला. गळ्यात पट्टा, कॅमेरा बसवायची खाच, बकलावर लिहिलेलं की सामान सेंट पीटर्सबर्गचं. झालं, रशियाचा हेर! नॉर्वेजियन भाषेत देवमाशाला 'व्हाल' म्हणतात, त्याला व्लादिमीरची शेपटी लावून नाव ठेवलं व्हाल्दिमीर. तो खरंच हेर होता का, हे त्याच्या मालकाने कधी सांगितलं नाही. पाच वर्षं माणसांच्या मागे मागे फिरला आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर मेलेला सापडला तो आमच्या स्टाव्हांगरजवळ. आमच्या कॉलनीतली मुलं रडली होती.

हॉनिंग्सवोगला बोट काही तास थांबते आणि सगळे बसने नॉर्थ केपला पळतात. आम्ही पळालो नाही. अण्णा वरच्या डेकवर लाल वही उघडून बसले. काय लिहिताय म्हणून डोकावले. '११.४०. कोळ्यांची बोट, निळी, १. आत आली. १२.०५. टँकर, लांब, १. पूर्वेकडे.' सकाळपासूनची पानं भरली होती.

"एकदा करून तर बघू," म्हणाले. "अवघड काय आहे त्यात?"

तासाभरात अवघड काय ते कळलं. वारा डोळ्यांत पाणी आणतो. लांबची बोट पुढे चाललीय की उभी आहे, समजत नाही. काळ्या ढगाचंच जहाज वाटतं. आणि काही येत नाही. तास तास काही येत नाही. मी आत जाऊन दोनदा दालचिनीचा पाव खाऊन आले. अण्णा उठले नाहीत, त्यांना नाइट ड्यूटीची सवय आहे.

मध्यरात्री बोट्सफ्योर्ड सोडल्यावर घोषणा झाली, आकाशात बघा. ऑगस्टची रात्र पुरती काळी नव्हती, पण फिकट हिरवा पट्टा होता, मध्येच हलणारा, पडद्याला हवा लागावी तसा. सगळे आनंदाने ओरडत होते. अण्णांनी टोपी मागे सारून पाहिलं आणि म्हणाले, "हे आलं म्हणजे शॉर्टवेव्ह मेला असणार." बरोबर होतं. उत्तरप्रकाश जोरात असला की या अक्षांशावर रेडिओच्या लहरी गिळल्या जातात. युद्धात या काठावर लपून बसलेला वायरलेसवाला कळ दाबतोय, दाबतोय, पलीकडे नुसती खरखर.

दिवस पाचवा : वार्डो आणि किबर्ग

पहाटे तीनला बोटीने आम्हाला वार्डोच्या धक्क्यावर उतरवलं. उजाडू लागलं होतं, धुकं, माणूस एक नाही. नॉर्वेचं सर्वांत पूर्वेकडचं गाव, इस्तंबूलच्याही पूर्वेला. गाव बेटावर, जायला समुद्राखालून बोगदा. झाडं जवळजवळ नाहीत. आणि गावाच्या डोक्यावर प्रचंड पांढरे गोल घुमट, दूरवर वाफवलेले उकडीचे मोदक ठेवावेत तसे.

हा ग्लोबस रडार. सरकारी उत्तर असं की अवकाशातला कचरा मोजतात. रशियाची अणुपाणबुड्यांची ठाणी इथून जवळ आहेत, हा योगायोग. २००० सालच्या वादळात घुमटाचं कापड उडालं आणि गावकऱ्यांनी पाहिलं, आतली थाळी आकाशाकडे नव्हे, रशियाच्या बाजूला तोंड करून होती. अण्णांनी वहीत लिहिलं : 'मोदक, मोठे. मोजू नयेत.'

किबर्ग इथून दहा-बारा किलोमीटर. समुद्रालगतची मूठभर घरं, मासे वाळवायची मांडणी, सीगलांचा गलका. युद्धाआधी इथल्या लोकांना रशिया परका नव्हता. पिढ्यानपिढ्या मासे देऊन रशियन पीठ आणि लाकूड आणायचे. जर्मन आल्यावर १९४० च्या सप्टेंबरात पन्नासच्या आसपास माणसं, बायकामुलांसह, होड्यांतून पलीकडे रिबाची द्वीपकल्पावर निघून गेली. तिथे सोव्हिएतांनी तरुणांना वायरलेस आणि बंदूक शिकवली आणि पाणबुडीतून परत याच किनाऱ्यावर सोडलं. काम तेच. मोजायचं. किर्केनेसला आणि मुर्मान्स्कच्या आघाडीला जाणारी जर्मन रसद या काठाने जायची. किती जहाजं, किती मोठी, कुठल्या दिशेला. कळवलं की सोव्हिएत पाणबुड्या आणि विमानं पुढचं बघत.

या लपून लढणाऱ्यांना पार्टिझान म्हणत; इथल्या पार्टिझान संग्रहालयात उभं राहिल्यावर माझ्या डोक्यातला सगळा सिनेमा उतरला. कातळाच्या बेचक्यात दगड रचायचे, वर गवताची ढेपळं, आत दोघं-तिघं. दिवसा चूल पेटवायची नाही, धूर दिसतो. हिवाळ्यात दोन महिने सूर्य नाही. आणि सगळ्यात वाईट, खाली गावात आपल्याच घराचा दिवा दिसतो आणि जाता येत नाही. काही जण जातही. आई, बहीण, मावशी पीठ-मासे लपवून ठेवायच्या. त्यामुळेच १९४३ मध्ये जर्मनांनी पकडापकडी सुरू केली तेव्हा सापडले ते नुसते हेर नव्हते, त्यांना भाकरी देणारेही होते. ऑगस्टमध्ये अकरा जणांना किर्केनेसजवळ गोळ्या घातल्या.

युद्ध संपलं. नॉर्वे नाटोत गेला, रशिया शत्रू झाला आणि किबर्गला लोक छोटं मॉस्को म्हणू लागले. ज्यांनी जर्मन जहाजं मोजली, त्यांच्यावर आता त्यांचेच पोलीस पाळत ठेवायला लागले. वर्षानुवर्षं. १९९२ मध्ये राजे हाराल्ड यांनी बोलून दाखवलं की शीतयुद्धाच्या सावलीत काही माणसांवर नको इतकं ओझं टाकलं गेलं. तोवर त्यांतले बरेच जण मातीआड गेले होते.

मला हे पचत नाही. रोबीने बोट बघितली आणि लंडनला कळवलं, तो तराफ्यावर बसून जगप्रसिद्ध झाला. किबर्गच्या पोरांनी बोटी बघितल्या आणि मुर्मान्स्कला कळवलं, त्यांची पत्रं संशयाची. थंडी तीच, भीती तीच, कळ दाबणारं बोट तेच. फरक पलीकडे कान कुणाचा होता एवढाच, आणि त्या वेळी ते दोन्ही कान एकाच बाजूचे होते. माझ्या नॉर्वेजियन मैत्रिणींपैकी निम्म्यांना किबर्ग ठाऊक नाही.

संग्रहालयातल्या बाईंना मी विचारलं, घरोघरी हे बोललं जायचं का? त्या म्हणाल्या, स्वयंपाकघरात, दार लावून. मग त्यांनी अण्णांकडे पाहून विचारलं, तुमचे वडील सैन्यात होते का? मी म्हटलं, नाही, तारऑफिसात. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतःसाठी केलेली कॉफी त्यांच्यापुढे ठेवली.

बाहेर वाऱ्यात अण्णा काठापर्यंत गेले. बूट शेवाळात बुडाले, मोजे भिजले, तरी उभे. वही काढली नाही.

दिवस सहावा : किर्केनेस

वारांगरच्या फ्योर्डाला वळसा घालून बस चार तासांत किर्केनेसला आली. अण्णा झोपले, मोजे खिडकीत वाळत.

गावात रस्त्यांच्या पाट्या नॉर्वेजियन आणि रशियन, दोन्ही लिप्यांत. युद्धात या गावावर तीनशेहून जास्त हवाई हल्ले झाले. आंदर्सग्रोता नावाचं जमिनीखालचं आसऱ्याचं भुयार बघितलं, पाठीत थंडी शिरली. ब्योर्नेवाटनच्या खाणीच्या बोगद्यात तर दोन-अडीच हजारांवर माणसं शेवटचे दिवस राहिली, तिथे दहा बाळं जन्मली. २५ ऑक्टोबर १९४४ ला लाल सैन्याने हे गाव सोडवलं, नॉर्वेतलं पहिलं. त्या सैनिकाचा पुतळा अजून उभा आहे, आणि सीमा पंधरा किलोमीटरवर जवळजवळ बंद आहे. याच गावचा फ्रोदे बर्ग, सीमेवरचा निवृत्त निरीक्षक, २०१७ च्या डिसेंबरात मॉस्कोत हेर म्हणून पकडला गेला. चौदा वर्षांची शिक्षा झाली, २०१९ मध्ये अदलाबदलीत सुटून घरी आला.

विमानाला तीन तास होते म्हणून बंदरावर गेलो. रशियन मासेमारी बोटींना आता नॉर्वेत तीनच बंदरांत यायची मुभा आहे : ट्रॉम्सो, बोट्सफ्योर्ड आणि हे. गंजलेले दोन ट्रॉलर उभे होते, नाव रशियन अक्षरांत. अण्णांनी एका खोक्यावर बैठक मारली आणि वही उघडली.

पाच मिनिटांत चमकदार पिवळ्या जाकिटातला एक माणूस आला. सभ्यपणे, पण हसल्याशिवाय विचारलं, हे गृहस्थ काय लिहितायत? बोटींकडे बघून बघून, वेळ टाकून? मला घाम फुटला. स्टाव्हांगर, नोकरी, निवासाचा परवाना, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी सांगू लागले : माझे वडील, तारमास्तर, रोबी, किबर्ग, आठवण म्हणून. त्याने वही मागितली. अण्णांनी दिली.

तो बराच वेळ पानं उलटत राहिला. ओळीवर रेघ, खाली लोंबणारी अक्षरं, कडेला पाचपाच आकड्यांचे गट, कारण मधल्या दोन दिवसांत अण्णांनी हवामानही जुन्या पद्धतीने लिहायला घेतलं होतं. त्यातून मेतकुटाचा वास. शेवटी त्याने विचारलं, ही लिपी कुठली?

"मराठी," अण्णा स्वतःच म्हणाले, आणि खोक्यावर बोटाने बडवून दाखवलं. कट्ट, कडकट्ट. त्या माणसाने क्षणभर कान दिला. मग वही परत केली, मिशीत हसला आणि गेला.

विमानात बसल्यावर मी वही मागून घेतली. शेवटची नोंद होती :

'४.१०. ट्रॉलर, २. हललेले नाहीत. ४.२५. पिवळं जाकीट, १. दक्षिणेकडे गेलं.'